‘अज्ञान’ हे उत्तर पुरेसे नाही

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ पसरली. पाठोपाठ भिवंडी, मालेगाव, ठाणे आणि वसई-विरार या शहरांतही रुग्ण सापडू लागले. त्या नोव्हेंबरात मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराने जी मुले दगावली, त्यांत नालासोपाऱ्याहून आणलेले एक लहान मूलही होते. गोवराची लस १९८५ पासून आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आहे आणि ती मोफत मिळते. ज्या रोगावर खात्रीची लस सदतीस वर्षे उपलब्ध आहे, त्या रोगाने महानगराच्या उंबरठ्यावर मुले जावीत, हे कसे घडले?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्याकडे आहे: ‘लोक अडाणी आहेत, त्यांना लसीचे महत्त्व कळत नाही.’ हे उत्तर वर्तमानपत्रांत आढळते, सभासमारंभांतल्या भाषणांत आढळते आणि खरे सांगायचे तर शिक्षकांच्या खोलीतही आढळते. त्यावरचा उपायही मग ठरलेला असतो: प्रभातफेरी, घोषवाक्ये, चित्रफलक आणि ‘जनजागृती’. आम्हाला या लेखात या उत्तराचीच तपासणी करायची आहे. विज्ञानात एखादे स्पष्टीकरण मान्य करण्यापूर्वी आपण विचारतो, की सगळी निरीक्षणे त्यात बसतात का? तोच निकष येथे लावून पाहू.

स्पष्टीकरणाची परीक्षा

लसीला विरोध अज्ञानातून होत असेल, तर शिकलेल्या समाजात तो दिसू नये. इतिहास वेगळेच सांगतो. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने अर्भकांना देवीची लस टोचणे सक्तीचे झाले. त्याविरुद्ध तेथे संघटना उभ्या राहिल्या, आणि १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारो लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी १८९८ मध्ये, ज्यांच्या मनाला लस पटत नाही त्यांना सूट देण्याची तरतूद करावी लागली. जेन्नरच्याच देशात हे घडले. आपल्याकडे महात्मा गांधींचा देवीच्या लसीला विरोध होता आणि तो त्यांनी लिहून मांडला होता. १९५५ च्या सुमारास क्षयरोगावरील बीसीजी लसीच्या मोहिमेला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी जाहीर विरोध केला. यांपैकी कोणालाही अडाणी म्हणता येणार नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या इंग्लिश डॉक्टराने बारा मुलांवरील निरीक्षणांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. तो सदोष व फसवा ठरला आणि २०१० मध्ये मागे घेण्यात आला. परंतु दरम्यान युरोप-अमेरिकेतल्या ज्या पालकांनी मुलांना लस दिली नाही, त्यांत सुशिक्षित पालक पुष्कळ होते.

आता दुसरे निरीक्षण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी पूर्ण लसीकरण झालेली मुले २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवर गेले. चार-पाच वर्षांत आयांचे ज्ञान इतके वाढले असेल काय? त्याहून शक्य गोष्ट अशी, की या काळात लस लोकांच्या अधिक जवळ नेली गेली. उलट कोरोनाच्या काळात नेहमीची लसीकरण सत्रे विस्कळीत झाली, तेव्हा आलेख खाली आला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार त्रिगुणी लसीचा पहिला डोससुद्धा न मिळालेली मुले भारतात २०२१ मध्ये सुमारे २७ लाख होती. २०२२ मध्ये हा आकडा सुमारे ११ लाखांवर आला. दोन वर्षांत लोक अज्ञानी झाले आणि एका वर्षात पुन्हा शहाणे झाले, असे कोणी म्हणणार नाही.

म्हणजे ‘अज्ञान’ हे स्पष्टीकरण सर्वस्वी चूक नसले तरी अपुरे आहे. ते सोयीचे मात्र आहे, कारण दोष पूर्णपणे आईच्या पदरात पडतो आणि बाकीचे सगळे सुटतात.

एक तालुका, तीन पट्टे

वसई तालुक्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. आज हा तालुका पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासच्या अनेक ग्रामपंचायती एकत्र करून येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली.

पश्चिमेला समुद्राच्या बाजूने वाड्यांचा हिरवा पट्टा आहे. वाडवळ, सामवेदी, ख्रिस्ती समाजाची जुनी गावे, चर्चच्या शाळा आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणारी कुटुंबे. येथे मूल जन्मले की कोणते, कोणाचे, हे गावाला ठाऊक असते. मधल्या पट्ट्यात रेल्वेच्या दोन्ही अंगांनी वाढलेली नालासोपारा-विरारची वस्ती आहे: चाळी, भाड्याच्या खोल्या, कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेश-बिहारमधून पोट भरायला आलेली माणसे. अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलते. पहाटेची विरार लोकल पकडणारे आईबाप रात्री परततात. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे आदिवासी पाडे, कारखान्यांच्या वसाहती आणि वीटभट्ट्या आहेत. वारली, कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भट्टीवर जातात व पावसाळ्याच्या तोंडाला पाड्यावर परततात.

आता गोवराच्या लसीचे वेळापत्रक या तिन्ही पट्ट्यांवर ठेवून पाहा. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. जून महिन्यात पाड्यावर जन्मलेल्या मुलाचा नववा महिना मार्चमध्ये पुरा होतो. तेव्हा आई भट्टीवर असते. दुसरा डोस पुढच्या ऑक्टोबरपासून घेता येतो, पण महिन्याभरात दिवाळी होऊन कुटुंब पुन्हा निघालेले असते. पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीच्या वहीत मुलाचे नाव असते पण मूल नसते, आणि भट्टी ज्यांच्या हद्दीत आहे त्यांच्याकडे मूल असते पण नाव नसते. नालासोपाऱ्याच्या चाळीतही हेच घडते. पहिले डोस गावी झालेले, कार्ड गावच्या पेटीत राहिलेले, खोली दोनदा बदललेली. पश्चिम पट्ट्यातली आई पूर्वेकडच्या आईपेक्षा मुलावर अधिक माया करते, असे काही नाही. फरक आहे तो पत्त्याच्या स्थैर्याचा. आपली आरोग्ययंत्रणा पत्त्यावर चालते आणि श्रमिक मात्र हंगामावर चालतो.

फुकट लसीची किंमत

लस मोफत असते याचा अर्थ ती घेण्यास खर्च येत नाही असा नव्हे. रोजंदारीवरच्या आईला केंद्रावर जाण्यासाठी अर्धा दिवस खाडा करावा लागतो. तिथे गेल्यावर कधी असेही होते, की नर्सबाई म्हणतात, ‘आज एकच बाळ आहे, पुढच्या वेळी या.’ हा नर्सबाईंचा आळस नव्हे. यामागे एक शास्त्रीय व व्यवस्थापकीय कारण आहे. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते व एका कुपीत अनेक डोस असतात. द्रावक मिसळल्यावर ती चार तासांत वापरावी लागते. उरली तर टाकून द्यावी लागते, कारण तिच्यात जंतूंचा शिरकाव होण्याचा धोका असतो. लस वाया गेल्याचा हिशेब द्यावा लागत असल्याने कुपी फोडण्यास हात धजत नाही. खरे तर एका मुलासाठीही कुपी उघडावी, हेच शहाणपणाचे, कारण परत पाठवलेली आई पुन्हा येईलच याची खात्री नसते. वाया गेलेल्या डोसांची नोंद कागदावर होते. परत गेलेल्या मुलाची होत नाही.

दुसरा खर्च तापाचा. त्रिगुणी लस असलेल्या इंजेक्शनानंतर दिवसभरात मुलाला ताप येऊ शकतो. गोवराच्या लसीनंतर साधारण आठवड्याभराने काही मुलांना ताप वा पुरळ येते. हा ताप शरीराची प्रतिकारयंत्रणा कामाला लागल्याचे लक्षण असून तो आपोआप उतरतो. पण आईला आधी कोणी सांगितलेच नाही तर? ‘चांगले खेळते मूल टोचून आणले आणि तापाने फणफणले,’ एवढेच तिच्या लक्षात राहते. त्यात आणखी एका दिवसाची मजुरी बुडते. पुढच्या डोसाला ती आली नाही, तर तिने अनुभवातून अनुमान काढले, असे म्हणावे लागेल. अनुमान चुकीचे आहे, पण ते चुकण्यास आपले मौन जबाबदार आहे. केंद्रावरची दोन मिनिटांची समजूत आणि तापाच्या औषधाची मात्रा दहा फलकांपेक्षा अधिक काम करते.

याउलट पल्स पोलिओची मोहीम पाहा. डिसेंबर १९९५ पासून वर्षानुवर्षे ‘दो बूंद’ घेऊन कार्यकर्ते स्टेशनवर, बस थांब्यावर, बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर गेले. कार्ड नसले तरी डोस मिळे. बोटावर शाई लागली की झाले. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात रानटी पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला. त्याच चाळी, तीच भट्टी, त्याच आया. मग पोलिओला जे साधले ते गोवराला का साधले नाही? कारण पोलिओच्या वेळी लस मुलाकडे गेली. गोवराच्या वेळी मुलाने लसीकडे यावे अशी आपली अपेक्षा असते.

अविश्वासालाही इतिहास असतो

सगळा प्रश्न केवळ अंतराचा व वेळेचा आहे, असेही नाही. काही ठिकाणी खरोखरच नकार असतो. पण अविश्वासाची मुळे शोधली तर ती हवेत नसतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. घरांची झडती, रोग्यांना बळाने हलवणे, सामान जाळणे सुरू झाले. मुंबईत ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर कामगार चालून गेले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. याच काळात वाल्देमार हाफकिन भायखळ्याच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिसऱ्या आगाखानांनी अनुयायांचा धीर वाढावा म्हणून लोकांसमक्ष टोचून घेतले. ज्या शहरात सक्तीला लोक दगड मारत होते, त्याच शहरात स्वतःहून पुढे केलेल्या दंडाचा परिणाम होत होता. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस घेतलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मेले. दोष एका बाटलीत शिरलेल्या जंतूंचा होता. हाफकिन १९०७ मध्ये निर्दोष ठरले. पण विश्वासाचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले.

अलीकडची उदाहरणेही आहेत. १९७६ मध्ये आणीबाणीत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. आणीबाणीतली नसबंदीची सक्ती ज्यांनी पाहिली, त्यांच्या घरांत पुढे ‘पोलिओच्या थेंबांनी मुले होत नाहीत’ ही अफवा रुजली, यात नवल ते काय? अफवा खोटी होती. तिला पोसणारी भीती मात्र खरी होती. २०१८ मध्ये एका उत्पादकाच्या तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीत, वापरातून काढून टाकलेल्या दुसऱ्या प्रकारचा विषाणू आढळला आणि ती लस महाराष्ट्रातही पोचली होती. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात कापसी-कोपरी येथे बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. अशा प्रसंगी ‘काही झाले नाही’ म्हणून विषय झाकणारा अधिकारी लसीचे जितके नुकसान करतो, तितके कोणी विरोधकही करत नाही.

सामोआ या पॅसिफिक बेटराष्ट्रात २०१८ मध्ये परिचारिकांच्या चुकीमुळे लसीत भलतेच औषध मिसळले जाऊन दोन अर्भके मेली. लोकांनी पाठ फिरवली, लसीकरणाचे प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली गेले, आणि २०१९ च्या अखेरीस गोवराच्या साथीत ८३ माणसे दगावली. त्यांत बहुतेक लहान मुले होती. दोन मृत्यूंच्या भीतीतून ऐंशीहून अधिक मृत्यू ओढवले. अविश्वासाचे कारण समजून घेणे म्हणजे त्याचे समर्थन करणे नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

देवी आणि गोवर

मराठी भाषेने या रोगांशी जुळवून घेतलेले नाते मोठे बोलके आहे. रोगाचे नाव ‘देवी’, त्यावरच्या टोचणीलाही ‘देवी काढणे’, आणि टोचणारा तो ‘देवीडॉक्टर’. गोवर ‘होत’ नाही, ‘निघतो’. पालघर जिल्ह्यात केळव्याचे शीतलादेवीचे देऊळ प्रसिद्ध आहे. देवीचा रोग या देशातून १९७५ मध्ये गेला, १९८० मध्ये जगातून गेला. शीतलादेवीची देवळे मात्र एकही बंद करावी लागली नाहीत. लोकांनी ओटीही भरली आणि दंडही पुढे केला. श्रद्धा व लस यांत एकच निवडा, असा आग्रह आपण धरला तर लोक काय निवडतील ते सांगता येत नाही. तो आग्रह धरण्याचे कारणही नाही.

हानिकारक समजूत कोणती, तेवढी नेमकी वेचून काढावी. गोवर निघालेल्या मुलाला घरात वेगळे ठेवणे, कडुलिंबाचा पाला ठेवणे, बाहेरच्यांनी न शिवणे यांत अपाय नाही. विलगीकरण तर उपयोगीच आहे. अपाय आहे तो ‘औषध द्यायचे नाही, डॉक्टरकडे न्यायचे नाही’ या नियमात. गोवराने मूल मरते ते बहुधा त्यातून होणाऱ्या न्यूमोनियाने, जुलाबाने किंवा मेंदूच्या दाहाने. शिवाय हा विषाणू शरीराने पूर्वी कमावलेल्या प्रतिकारशक्तीचा काही भाग पुसून टाकतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून गोवरातून उठलेले मूल पुढेही आजारी पडत राहते.

आधी भाकर की आधी लस?

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे बहुधा तळमळीचे कार्यकर्ते असतात. कुपोषित मुलाला गोवर मारतो. मग लस कशाला, आधी अन्न द्या, असे ते म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेले बालमृत्यू महाराष्ट्र विसरलेला नाही. इंग्लंडमध्येही गोवराच्या लसीचा सार्वत्रिक वापर १९६८ मध्ये सुरू झाला, त्याच्या कितीतरी आधी गोवराचे मृत्यू झपाट्याने घटले होते. ते घटले सुधारलेल्या आहारामुळे, घरांमुळे आणि उपचारांमुळे. आक्षेपाचा हा भाग बरोबर आहे.

पण पुढचा भागही वाचला पाहिजे. इंग्लंडमध्ये १९६८ पूर्वी मृत्यू घटले, तरी रुग्ण घटले नव्हते. लाखो मुलांना गोवर होतच होता. रुग्णसंख्या खाली आली ती लसीनंतर. अन्न मुलाला गोवरातून तारते. लस त्याला गोवर होऊ देत नाही. दोहोंची कामे वेगळी आहेत. गोवर झालेल्या मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. एका खोलीत आठ माणसे राहतात तेथे विषाणूला वारा पुरतो. तेथे लसीची गरज सर्वांत जास्त आणि तेथेच ती सर्वांत कमी पोचते. म्हणून आम्ही म्हणतो, भाकर आणि लस दोन्ही मागा. एकीच्या नावाने दुसरी नाकारणे हे गरिबाच्या हिताचे नाही.

‘लस घेतलेल्यांनाच गोवर झाला!’

साथीच्या वेळी हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि त्यात कधी कधी तथ्यही असते. त्याला घोषवाक्याने उत्तर देता येत नाही; गणिताने येते. आठवी-नववीच्या वर्गात हे फळ्यावर अवश्य करून पाहावे.

एका वस्तीत १००० मुले आहेत. त्यांतील ९०० मुलांना लसीचा एक डोस मिळाला, १०० मुलांना मिळाला नाही. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला एक डोस सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो. म्हणजे ९०० पैकी ७६५ सुरक्षित, १३५ असुरक्षित. साथ आली व सर्व असुरक्षित मुलांना गोवर झाला असे धरू. रुग्ण किती? १३५ अधिक १००, म्हणजे २३५. त्यांत लस घेतलेले १३५, अर्थात निम्म्याहून अधिक! मग लस कुचकामी का? नाही. लस घेतलेल्या ९०० पैकी १३५ आजारी पडले, म्हणजे १५ टक्के. न घेतलेल्या १०० पैकी १०० आजारी पडले. रुग्णांत लसवाले किती, हा प्रश्नच चुकीचा. लसवाल्यांत रुग्ण किती, हा बरोबर.

याच आकड्यांतून दुसरी गोष्टही उलगडते. दर वर्षी हजारांत २३५ मुले असुरक्षित राहिली तर चार वर्षांत ती ९४० होतात. म्हणजे एका संपूर्ण वर्षाची मुले जणू लसीवाचूनच राहिली. म्हणून दोन-चार वर्षे सारे शांत असते आणि एकाएकी साथ भडकते. गोवराचा एक रुग्ण असुरक्षित समाजात बारा ते अठरा जणांना रोग देतो. पंधरा धरले, तर साथ थांबण्यासाठी पंधरापैकी चौदा जण सुरक्षित हवेत, म्हणजे सुमारे ९३ टक्के. ८५ टक्के परिणामकारक असलेला एकच डोस शंभर टक्के मुलांना दिला तरी तो आकडा गाठता येत नाही. दुसऱ्या डोसाची आवश्यकता यातूनच सिद्ध होते. दोन डोसांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते.

धड्याबद्दल थोडे

आता आपल्या वर्गाकडे वळू. लसीकरण आपण शिकवतो ते बहुधा गोष्टीच्या रूपाने. १४ मे १७९६ रोजी जेन्नरने जेम्स फिप्सला टोचले, ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने जोसेफ माइस्टरला वाचवले. गोष्ट रंजक आहे, पण तिच्यात नायक एक असतो व बाकीचे सगळे उपकृत. जेन्नरपूर्वीही बंगालात टीकादार लोक देवीच्या खपल्यांतील द्रव टोचून संरक्षण देत असत. १७७४ मध्ये बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने आपल्या कुटुंबाला गाईच्या देवी टोचल्या होत्या. भारतात पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत टोचली गेली ती ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. बगदाद-बसऱ्याहून आलेली ती लस पुढे एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी देशभर गेली. ‘लस’ हा आपला शब्द मुळात त्या द्रवाचाच आहे. ही मुलेही लसीच्या इतिहासात आहेत, धड्यात नाहीत.

शिवाय धड्यात लस कधीच चुकत नाही. प्रत्यक्षात दक्षिण भारतात चिंगलपेट येथे झालेल्या मोठ्या चाचणीत बीसीजी लस प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण देत नाही असे दिसले. लहान मुलांतील क्षयाच्या गंभीर प्रकारांसाठी मात्र ती आजही देतात. हे सांगितल्याने विज्ञानाची पत घटत नाही. आपल्याच लसीची परीक्षा घेऊन निकाल छापणारी पद्धत, म्हणूनच ती विश्वासार्ह, हे मुलांना यातून कळते. ज्या मुलाने शाळेत ‘लस शंभर टक्के सुरक्षित’ असे पाठ केले आहे, त्याची श्रद्धा मोबाइलवरच्या पहिल्याच अफवेने ढळते. ज्याने धोका आणि लाभ तोलायला शिकले आहे, त्याची ढळत नाही.

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेला लस देण्याची मोहीम झाली, ती मोठ्या प्रमाणावर शाळांतूनच. काही शाळांत पालकांनी नकार दिला. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीवाचून शाळेत लस देण्यास हरकत घेतली. अनेकांना हा अडथळा वाटला. आम्हाला ती संधी वाटते. संमती मागायची म्हणजे समजावून सांगावे लागते, आणि समजावण्याचे काम शिक्षकाहून चांगले कोण करणार?

वसई-विरारच्या शाळांत आज तिन्ही पट्ट्यांतली मुले एका बाकावर बसतात. दिवाळीनंतर कोणाचा हजेरीपट रिकामा होतो, कोणाच्या पाठीवर धाकटे भावंड असते, कोणाचे बिऱ्हाड गेल्या महिन्यात हलले, हे आरोग्य खात्याच्या आधी वर्गशिक्षकाला कळते. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहावे. नसेल तर मुलाला नाकारू नये, केंद्राला कळवावे. पालकसभेत तापाबद्दल आधीच सांगावे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला कार्ड बरोबर नेण्याची आठवण द्यावी. ही कामे लहान आहेत, आणि त्यांना घोषवाक्य लागत नाही.

शेवटी आमचे म्हणणे एवढेच. ज्या आईचे मूल लसीवाचून राहिले, तिला ‘तुला कळत नाही’ असे म्हणण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: केंद्र किती लांब आहे? ते उघडे असते तेव्हा तू कुठे असतेस? मागच्या वेळी काय झाले? तुला कशाची भीती वाटते? या चार प्रश्नांची उत्तरे ऐकून घेतल्यावरही ‘अज्ञान’ उरलेच, तर ते दूर करायला आपण शिक्षक आहोतच.